शाळा समिती सरपंचांची नव्हे, पालकांची

‘जिल्हा परिषदेच्या शाळेत पालकाने काय विचारायचे, ते गुरुजी आणि सरपंच पाहून घेतील,’ हा समज चोपडा-यावलपासून शहादा-तळोद्यापर्यंत अजून ऐकू येतो. तो चुकीचा आहे. 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 21 नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण सदस्यांपैकी निम्म्या महिला असाव्या लागतात. दुर्बल व वंचित घटकांतील मुलांच्या पालकांनाही त्यांच्या प्रमाणात जागा द्यावी लागते. शाळेच्या कामकाजावर व मिळालेल्या अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवणे आणि शाळा विकास आराखडा तयार करणे, ही या समितीचीच कामे आहेत.

मग समज टिकला कसा? कापूस वेचणीच्या दिवसांत सभा सकाळी अकराला ठेवली, की आया शेतात असतात. संध्याकाळी इतिवृत्ताची वही घरोघर फिरते आणि न झालेल्या चर्चेखाली अंगठे उमटतात. (वहीत मात्र ‘सर्वानुमते’ असते!) सभा दिवेलागणीनंतर ठेवावी, अशी मागणी सदस्य पालक करू शकतात, आणि सही करण्यापूर्वी वरचा मजकूर वाचून दाखवा, असे म्हणणे हा गुरुजींचा अपमान ठरत नाही.