काकांनी इस्टेट विकली! भारतातल्या लांब शेपटीच्या गाड्यांची पार्श्वभूमी

२००१ मध्ये आमच्या काकांनी इस्टेट विकली आणि त्याच संध्याकाळी रत्नागिरीहून आत्याचा फोन आला, "अरे, इस्टेट विकलीस आणि मला एका शब्दानं विचारलं नाहीस? माझीपण सही लागते त्यावर!" काकांना हसू आवरेना, त्यामुळे ती अजूनच भडकली. गाडी विकली होती हो, टाटा इस्टेट, म्हणजे छत मागच्या टोकापर्यंत नेऊन तिथे सामानाची जागा आणि वर उघडणारं दार दिलेली लांब गाडी, आणि तिच्या जागी मारुतीची तसलीच बलेनो अल्टुरा बुक केली होती, पण आपल्याकडे इस्टेट म्हटलं की आधी सातबाराच डोळ्यासमोर येतो त्याला कोण काय करणार.

हा किस्सा आधी सांगितला कारण एका कंपनीची इस्टेट सोडून दुसऱ्या कंपनीची घेण्याचा विषय निघाला की लोक थेट अॅव्हरेज आणि रिसेलवर येतात. पण भारतात हा बदल कुणी हौसेनं करतच नव्हतं. असली गाडी आवडणारा माणूस एकदा तिच्यात अडकला की अडकला, त्याला सेडान नको आणि जीपपण नको. मग हातातली गाडी कंपनीनं बंद केली, पार्टसाठी जुन्या बाजारात खेटे घालायची वेळ आली की बाजारात त्या वेळी जी एखाददुसरी इस्टेट असेल तिच्याकडे जायचं. म्हणजे कंपनी बदलायची ती ढाचा बदलू नये म्हणून. काकांनी हे दोनदा केलं, तिसऱ्या वेळेला करायला गाडीच उरली नव्हती.

नावाचा घोळ आधी उरकून घेऊ. इंग्रजांच्या खेड्यातल्या मोठ्या जमीनजुमल्यांवर पाहुणे, बंदुका, कुत्री, सामान हलवायला ज्या गाड्या असायच्या त्यांच्यावरून तिकडे इस्टेट कार हे नाव पडलं, म्हणजे आत्या अगदीच चुकली नव्हती, मुळात जमिनीचाच शब्द तो. अमेरिकेत रेल्वे स्टेशनवरून माणसं आणि ट्रंका आणायच्या म्हणून स्टेशन वॅगन. जर्मन कॉम्बी म्हणतात, फ्रेंच ब्रेक म्हणतात, आणि प्रत्येक कंपनीनं आपापलं अव्हांट, टूरिंग असलं काहीतरी वेगळं चालवलंय. आपल्याकडे या सगळ्याची खिचडी झाली. काकांच्या गाडीच्या मागच्या दारावर इस्टेट लिहिलेलं, आरसी बुकात बॉडीच्या रकान्यात स्टेशन वॅगन, घरात सगळे लांब गाडी म्हणायचे, आणि गॅरेजवाला सरळ "मागून जीपसारखी उघडते ती". त्यात १९९९ च्या डिसेंबरमध्ये वॅगनआर आली, जी वॅगन नव्हतीच, आखूड उंच हॅचबॅक होती, पण वॅगन हा शब्द तिनं कायमचा नेला. त्यानंतर शोरूममध्ये जाऊन "वॅगन दाखवा" म्हणायची सोयच राहिली नाही.

सफारीचंही तेच. आज सफारी म्हटलं की जी गाडी आठवते तिच्या कितीतरी आधी प्रीमियर पद्मिनीच्या इस्टेट रूपाला सफारी म्हणायचे. त्याच पिढीत मद्रासच्या स्टँडर्ड हेराल्डची पाच दारांची कंपॅनियन होती. अँबेसेडरची मागे काच लावून लांबवलेली रूपं तर ॲम्ब्युलन्स आणि शववाहिनी म्हणूनच लोकांच्या डोक्यात बसली. इस्टेट भारतात का चालली नाही याचं कुणीही देतं ते उत्तर हेच, "मढं न्यायची गाडी वाटते." मला हे उत्तर अर्धंच पटतं. शववाहिनीसारखी दिसते म्हणून जी गाडी नको असते तिच्यापेक्षा जास्त चौकोनी सुमो त्याच लोकांनी रांगा लावून घेतली, तेव्हा कुठे गेलं होतं मढं?

तर खरी गोष्ट सुरू होते १९९२ ला, पिंपरीत. ट्रकवाल्या टाटा कंपनीनं १९८८ मध्ये टाटामोबाईल हा पिकअप आणला होता, त्याच्याच चॅसीवर, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यावर, १९९१ मध्ये सिएरा केली, तीन दारांची, मागे ती मोठ्ठी न उघडणारी काच. आणि पुढच्याच वर्षी इस्टेट. १९४८ सीसीचं डिझेल इंजिन, मागच्या चाकांना ड्राइव्ह, खाली ट्रकसारखी शिडीची चॅसी, आणि वर पॉवर विंडो, आरपीएम मीटर असल्या गोष्टी ज्या तेव्हा रस्त्यावरच्या अँबेसेडर-पद्मिनीच्या स्वप्नातपण नव्हत्या. मागून बघितली की त्या काळच्या मर्सिडीजच्या वॅगनची आठवण हमखास व्हायची, आणि गंमत म्हणजे १९९५ पासून खरोखरच्या मर्सिडीज त्याच पिंपरीच्या आवारात जोडल्या जायला लागल्या.

काकांनी ती १९९५ च्या शेवटी सेकंडहँड घेतली. मे महिन्यात गावाहून पुण्याला आंबा आणायचा म्हणजे मागची सीट पाडायची, खाली पोतं अंथरायचं, त्यावर पेट्या दोन थरांत, फटीत पेंढा कोंबायचा, आणि वरच्या उरलेल्या जागेत फणस आडवा. मागचं दार वर उघडून राहायचं त्याच्या सावलीत आंबा घाटाच्या वर थांबून आम्ही घावन खायचो, पाय खाली सोडून. फरशी मात्र उंच होती, पिकअपच्या चॅसीवर बसवलेली गाडी म्हटल्यावर असणारच, पेटी चढवताना ती आधी मांडीवर टेकवून मग आत ढकलायला लागायची. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

इस्टेटचा काळ खरं म्हणजे घरातूनच संपला. १९९४ मध्ये त्याच कंपनीची सुमो आली, त्याच घराण्याची चॅसी, तेच इंजिन, पण दहा माणसं बसायची. पाच जणांची इस्टेट आणि दहा जणांची सुमो समोरासमोर ठेवली की एकत्र कुटुंबवाला, लग्नाच्या वरातीवाला, टूरवाला काय घेणार हे सांगायला ज्योतिषी नको. १९९८ मध्ये सफारी आली, त्याच वर्षाच्या शेवटी इंडिका बाजारात आणली, कारखान्याचं सगळं लक्ष तिकडे गेलं आणि २००० च्या आसपास इस्टेट गुपचूप बंद झाली.

आणि नेमकं तेव्हाच बाकीच्यांना इस्टेट सुचली! हा योगायोग मला अजून कळलेला नाही. १९९९ ते २००५ एवढ्या पाच-सहा वर्षांत जितक्या इस्टेट भारतात आल्या तितक्या आधीच्या पन्नास वर्षांत आल्या नसतील. बलेनोची अल्टुरा, कुर्ल्याला बनणारी फियाटची सिएना वीकएंड आणि तिचीच प्लास्टिकचं क्लॅडिंग लावून उंच केलेली बहीण अॅडव्हेंचर, ओपेल कोर्साची स्विंग, तेव्हाच्या औरंगाबादला शेंद्र्यात जोडली जाणारी ऑक्टाव्हिया कॉम्बी, आणि २००४ मध्ये पुन्हा पिंपरीचीच इंडिगो मरीना. (त्याआधी नव्वदीत बंगळुरात रोव्हर माँटेगोची इस्टेटही थोडी जोडली गेली होती, पण ती रस्त्यावर दिसली तर लोक फोटो काढायचे एवढंच.)

काकांनी अल्टुरा घेतली तेव्हा घरात सगळ्यांना वाटलं हा माणूस डिझेल सोडून १५९० सीसीच्या पेट्रोलवर कसा काय गेला. पण ज्यानं पेट्या उचलल्यात त्यालाच कळतं. पुढच्या चाकांना ड्राइव्ह, खाली शिडी नाही, त्यामुळे मागची फरशी एकदम खाली, गुडघ्याच्या जरा वर. पेटी टेकवली की सरकवली. घाटात वळणावर मागे पेट्या भरलेल्या असल्या तरी गाडी सेडानसारखी वळायची. इस्टेट ते अल्टुरा या बदलात खरा फरक हा होता, लोक मात्र अजून पेट्रोल-डिझेलच मोजत बसतात. लोकांनी तेव्हाही तेच केलं म्हणा. त्याच पैशात जरा वर जाऊन आठ-दहा माणसांची क्वालिस मिळायची, २००० च्या जानेवारीपासून बाजारात होतीच, डिझेलवर. बलेनो सेडान २००७ मध्ये एसएक्स४ ला जागा देऊन गेली, अल्टुरा त्याआधीच यादीतून गळली होती. २००६ मध्ये ओपेल हे नावच भारतातून गेलं, तिच्याबरोबर स्विंग.

आता ज्या निर्णयावरून आमच्या घरात अजून वाद होतो तो २००६ चा. फेब्रुवारीच्या बजेटमध्ये लहान गाड्यांची एक्साइज २४ वरून १६ टक्क्यांवर आणली आणि लहान म्हणजे काय तर लांबी ४००० मिलिमीटरपर्यंत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत नाहीतर डिझेल १५०० सीसीपर्यंत. दोन वर्षांनी हाच दर १२ वर आला. कागदावर साधी गोष्ट, लहान गाडी स्वस्त, देश लहान गाड्यांचा कारखाना होऊ दे. पण मोजपट्टी लावायला लांबीच का निवडली? वजन घेता आलं असतं, धूर घेता आला असता, नुसतं इंजिन घेता आलं असतं. लांबी घेतली की पहिला वार होतो तो डिकीवर, कारण पुढचं इंजिन कापता येत नाही, मधली माणसं कापता येत नाहीत, उरतं काय? शेपूट.

मरीनाचंच बघा. डिझेल इंजिन १४०५ सीसी, म्हणजे त्या अटीत पास. लांबी साधारण ४१५० मिमी, म्हणजे नापास. सहा इंच! सहा इंचासाठी आठ टक्के. चार लाखांच्या गाडीवर बत्तीस हजार, २००६ चे बत्तीस हजार. सेडानवाल्यांनी याच्यावर लगेच उपाय काढला, २००८ मध्ये इंडिगो कापून ३९८८ मिमीची सीएस आली, मग २०१२ मध्ये डिझायर ४१६० वरून ३९९५ वर आणली आणि तिची डिकी ४४० लिटरवरून ३१६ वर आली. लोकांनी कुरकुर केली, घेतल्या मात्र धडाधड. सेडानची डिकी कापली तरी ती सेडानच दिसते, जरा बुटकी. इस्टेटचं शेपूट कापलं की ती सरळ हॅचबॅक होते, म्हणजे तिचा असण्याचा मुद्दाच जातो.

माझा चुलतभाऊ म्हणतो चार मीटरनं इस्टेट मारली. मी म्हणतो तारखा बघ, अल्टुरा, वीकएंड, स्विंग यांची धाप २००६ च्या आधीच लागलेली होती, त्यांना क्वालिसनं आणि २००५ पासून इनोव्हानं खाल्लं. नियमानं एवढंच केलं की मेलेली परत उठू दिली नाही. लाखभर गाड्या विकल्या जातील अशी खात्री नसताना चार मीटरच्या वरची पाचच माणसांची गाडी जास्तीचा कर भरून कोण बनवणार? पण हेही खरं की सरकारला इस्टेट मारायची नव्हती, त्यांच्या डोक्यात इस्टेट नव्हतीच, आणि मला वाटतं तेच जास्त लागतं.

काकांनी मरीना त्याच २००६ मध्ये घेतली, बजेटनंतर, मुद्दाम. "अल्टुराचे पार्ट मिळत नाहीत आणि दुसरी इस्टेट आहे कुठे," एवढंच म्हणाले. परत डिझेल, परत पिंपरी, फरशी अल्टुराएवढीच खाली. २०१० उजाडेपर्यंत मरीनाही संपल्यात जमा होती.

त्यानंतर सगळा घोळ एसयूव्ही या शब्दाचा. २०१३ च्या बजेटमध्ये एसयूव्हीची एक्साइज २७ वरून ३० टक्के केली तेव्हा पहिल्यांदा प्रश्न पडला की एसयूव्ही म्हणजे नक्की काय, मग १५०० सीसीच्या वर, ४००० मिमीच्या वर, आणि ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीचं पोट आणि रस्ता यांच्यातलं अंतर, १७० मिमी किंवा जास्त, अशी व्याख्या आली. जीएसटीत २०१७ च्या सप्टेंबरमध्ये मोठ्या गाड्यांना २० टक्के सेस आणि एसयूव्हीला २२. "लोकांत एसयूव्ही म्हणून ओळखली जाणारी" अशी अटपण होती, म्हणजे कर लोकांच्या तोंडावर! २०२३ मध्ये ती काढली, नाव काहीही असो मापात बसली की झालं. मधल्या काळात २०१७ मध्येच व्हॉल्व्होची व्ही९० क्रॉस कंट्री आली, साठ लाखांची, ग्राउंड क्लिअरन्स २१० मिमी, अंगानं अस्सल इस्टेट, आणि शोरूमवाले तिला इस्टेट सोडून बाकी सगळं म्हणायचे. सप्टेंबर २०२५ पासून सेस गेला, लहान गाडीला १८ टक्के, बाकीच्यांना ४०, आणि लहान गाडीची लांबी अजूनही तीच, ४००० मिमी.

बाय द वे २०१५ मध्ये बलेनो हे नाव परत आलं, चार मीटरच्या आतल्या हॅचबॅकवर. काका शोरूममध्ये गेले आणि विचारलं, "हिची अल्टुरा येणार का?" समोरच्या पोराला अल्टुरा म्हणजे काय ते माहीत नव्हतं, त्यानं शेजारची एर्टिगा दाखवली. सात सीटची. काकांनी तीच घेतली, त्याच दिवशी तिसरी रांग पाडून टाकली आणि तिची हेडरेस्ट काढून प्लास्टिकच्या पिशवीसकट माळ्यावर ठेवली. ती अजून तिथेच आहेत. दर मे महिन्यात मागे पेट्या लागतात, दोन थरांत, आणि आत्या अजून प्रत्येक वेळी विचारते, "आता काय विकलंस?"