बाते बोरिसोव म्हणजे मिन्स्क नव्हे

2012 साली बायर्न म्युनिकला कोणी हरवलं, असं विचारलं की फुटबॉलच्या गप्पांत हमखास एक उत्तर येतं: ‘ते मिन्स्कवाले.’ थोडा जास्त आत्मविश्वास असलेला गडी ‘दिनामो मिन्स्क’ असं ठोकून देतो. नाही हो. ते बाते होते, बेलारूसमधल्या बोरिसोव गावचा क्लब. बाते बोरिसोव. गेली दहा-बारा वर्षं मी हे सांगतोय, आता एकदाच सविस्तर लिहून टाकतो.

आधी किरकोळ गोष्टी उरकू. दिनामो मिन्स्क हा बेलारूसच्या राजधानीचा क्लब, 1927 मध्ये सुरू झालेला, निळा-पांढरा. ‘दिनामो’ ही सोव्हिएत काळातली क्रीडासंघटना, पोलीस आणि सुरक्षा खात्याशी जोडलेली. म्हणून तर कीव्ह, मॉस्को, तिबिलिसी, ब्रेस्त, जिथे जाल तिथे एक दिनामो भेटतो. बातेचा रंग पिवळा-निळा. बोरिसोव हे मिन्स्कच्या ईशान्येला साधारण 75 किलोमीटरवर, म्हणजे मुंबई-पुणे अंतराच्या निम्म्यावर, बेरेझिना नदीकाठचं गाव. 1812 मध्ये माघारी निघालेल्या नेपोलियनच्या सैन्याची नदी ओलांडताना दाणादाण उडाली ती याच परिसरात. फ्रेंच माणूस आजही धूळधाण झाली की ‘बेरेझिना’ म्हणतो.

आणि कृपा करून ‘बेट बोरिसोव’ लिहू नका. बेट समुद्रात असतं, बेलारूसला समुद्रच नाही. ‘बाते’ हे कारखान्याच्या लांबलचक रशियन नावाचं आद्याक्षरी रूप आहे. मोटारी आणि ट्रॅक्टरचे स्टार्टर, जनरेटर अशी विजेची उपकरणं बनवणारा बोरिसोवचा कारखाना. 1973 मध्ये तिथल्या कामगारांचा संघ उभा राहिला. आपल्याकडे महिंद्रा कंपनीचा महिंद्रा युनायटेड होता, त्यातलाच प्रकार.

आता मुख्य घोळ. तो नावाचा नाही, मैदानाचा आहे.

बाते 2008 मध्ये चॅम्पियन्स लीगच्या, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सर्वोच्च स्पर्धेच्या, गटसाखळीत पोचला. बेलारूसचा पहिलाच क्लब, प्रशिक्षक विक्तर गोंचारेंको अवघा 31 वर्षांचा. गटात रेआल माद्रिद, युव्हेंतुस आणि झेनित. अडचण अशी, की बोरिसोवचं जुनं नगर स्टेडियम जेमतेम पाच हजारांचं, युएफाच्या, म्हणजे युरोपच्या फुटबॉल महासंघाच्या, अटींत न बसणारं. मग घरचे सामने कुठे? मिन्स्कला. आणि मिन्स्कच्या ज्या स्टेडियमवर ते झाले त्याचं नावच ‘दिनामो’! पडद्यावर खाली ‘दिनामो स्टेडियम, मिन्स्क’ अशी पट्टी, वर पिवळे शर्ट. बघणाऱ्याच्या डोक्यात जे बसायचं ते बसलं.

युव्हेंतुसशी 2-2 झालं ते तिथे. 2011 मध्ये बार्सेलोनाने पाच गोल चढवले तेही तिथेच, आणि मिलानला 1-1 वर रोखलं तेही तिथेच. 2 ऑक्टोबर 2012 ची ती बायर्नची रात्रही त्याच मैदानावरची: पाव्लोव, रोदियोनोव आणि ब्रेसान यांचे गोल, पलीकडून रिबेरीचा एकच, निकाल 3-1. त्याच बायर्नने पुढे त्या मोसमात युरोपचा चषक उचलला. अलेक्सांद्र ह्लेबही त्या दिवशी बातेकडून खेळला. आर्सेनल आणि बार्सेलोना बघून परत आलेला हा माणूस जन्माने मिन्स्कचा, पण नावारूपाला आला बातेत. घोळात आणखी भर.

थोडक्यात, चार-पाच वर्षं बोरिसोवचा क्लब युरोपातल्या मोठ्या रात्री आपल्या प्रतिस्पर्ध्याच्या अंगणात खेळला, आणि तोही भाडेकरू म्हणून. माझ्या मते हा बातेच्या इतिहासातला सगळ्यात मजेदार भाग आहे, आणि नेमका तोच लोक पुसून टाकतात. राजधानीचा क्लब घरी बसून टीव्हीवर बघतोय आणि त्याच्या मैदानात कारखान्याच्या गावातले लोक बसेस करून येताहेत, यातली गंमत ‘मिन्स्कवाले’ म्हटलं की गेलीच.

2014 मध्ये बोरिसोव अरेना उघडलं. स्लोव्हेनियन वास्तुरचनाकारांचं, भोकाभोकांच्या गोलसर पांढऱ्या कवचाचं, सुमारे तेरा हजार आसनांचं. त्यानंतरचे सामने खरोखरच घरचे: अथलेतिक बिल्बाओवर 2-1, 2015 मध्ये रोमावर 3-2, फेब्रुवारी 2019 मध्ये युरोपा लीगमध्ये आर्सेनलवर 1-0. शाख्तार दोनेत्स्ककडून 0-7 खाल्ले तेही घरीच, लपवत नाही. तेव्हा साधा नियम: 2014 च्या आधीचा चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीतला घरचा सामना असेल तर मैदान मिन्स्कचं, संघ बोरिसोवचा. नंतरचा असेल तर दोन्ही बोरिसोवचं.

विजेतेपदांच्या हिशोबातही असाच गोंधळ होतो. 1982 मध्ये सोव्हिएत संघाचं विजेतेपद मिळवलं ते दिनामो मिन्स्कने, एदुआर्द मालोफेयेव यांच्या हाताखाली. बेलारूसमधल्या दुसऱ्या कुठल्याही क्लबला ते जमलं नाही. पुढच्या मोसमात ते युरोपियन कपच्या (चॅम्पियन्स लीगचं जुनं रूप) उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेले आणि दिनामो बुखारेस्टकडून हरले (दिनामो विरुद्ध दिनामो, नशीब बघा). बातेची 1974, 1976 आणि 1979 ची विजेतेपदं मात्र बेलारूस प्रजासत्ताकापुरत्या स्पर्धेची. मिन्स्कवाले तेव्हा संघराज्याच्या लीगमध्ये खेळत. ही तीन आजच्या यादीत मिळवून अठरा करणारे महाभाग आहेत. असं करू नका.

शिवाय तो जुना बाते ऐंशीच्या दशकात बंदच पडला. महिंद्रा युनायटेड 2010 मध्ये बंद झाला तो कायमचा. बातेला आनातोली काप्स्की भेटले. 1996 मध्ये त्यांनी क्लब पुन्हा उभा केला, प्रशिक्षक युरी पुंतुस यांना घेऊन. तिसऱ्या पातळीपासून सुरुवात, दोन वर्षांत दोन बढत्या, 1998 मध्ये वरच्या लीगमध्ये दुसरे आणि 1999 मध्ये विजेते. मग 2002, आणि 2006 ते 2018 सलग तेरा. एकूण पंधरा. काप्स्की 2018 च्या सप्टेंबरमध्ये गेले, आणि पुढच्याच वर्षी ब्रेस्तच्या दिनामोने ती मालिका तोडली. उलट स्वतंत्र बेलारूसच्या पहिल्या पाचही स्पर्धा जिंकणारा दिनामो मिन्स्क 2004 नंतर थेट 2023 मध्ये विजेता झाला.

कोण आवडतो विचाराल तर बाते, उघड आहे. राजधानीच्या क्लबाने जिंकण्यात काय विशेष?

‘पण सामना मिन्स्कला झाला ना, मग मिन्स्कचाच विजय,’ असा युक्तिवाद एकाने मला तोंडावर केला होता. त्याला एवढंच सांगायचंय: युक्रेनवरच्या आक्रमणानंतर युएफाने बेलारूसमध्ये सामने घ्यायला बंदी केली. त्यामुळे 2024 मध्ये कॉन्फरन्स लीगचा स्कॉटलंडच्या हार्ट्सविरुद्धचा ‘घरचा’ सामना दिनामो मिन्स्क अझरबैजानमध्ये खेळला. त्यांना अजून कोणी ‘अझरबैजानवाले’ म्हटलेलं माझ्या ऐकण्यात नाही.