कागलच्या पंधरा रुपयांतले आठ

२६ मार्च १९०२ रोजी गोपाळ कृष्ण गोखले व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात अंदाजपत्रकावर पहिल्यांदा बोलले. तिजोरीत शिल्लक पडते ती रयतेच्या सुबत्तेमुळे नव्हे, जादा करांमुळे, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांनी मांडलं. मिठावर तेव्हा मणामागे अडीच रुपये कर होता. तो कमी करा, असा त्यांचा आग्रह होता, आणि पुढच्याच वर्षी तो दोन रुपयांवर आला. चिमूटभर मिठाचा हिशेब इतक्या पोटतिडकीने मांडणाऱ्या माणसाचं लहानपण पाहायला हवं.

जन्म ९ मे १८६६ चा, गुहागरजवळच्या कोतळूकचा. वडील कृष्णराव कागल संस्थानात कारकून होते, पुढे फौजदार झाले. १८७९ मध्ये ते गेले तेव्हा गोपाळ तेरा वर्षांचा होता. थोरले गोविंदराव अठराचे. त्यांनी शिक्षण सोडलं, कागलमध्ये पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यातले आठ रुपये दरमहा कोल्हापूरला शिकणाऱ्या धाकट्या भावाला पाठवू लागले. उरलेल्या सातांत बाकीचा संसार. गोखल्यांबद्दल वाचताना मी दर वेळी इथे थांबतो. गोविंदरावांचं नाव आपण फार कमी घेतो.

त्या दिवसांतली एक गोष्ट चरित्रांत येते. मित्राने नाटकाला चल म्हटलं. तोच नेतोय असं समजून गोपाळ गेला. नंतर मित्राने तिकिटाचे दोन आणे मागितले. ते भरून काढायला त्याने दिव्याच्या तेलाचा खर्च वाचवला आणि रस्त्यावरच्या दिव्याखाली बसून अभ्यास केला.

१८८१ ला मॅट्रिक. मग राजाराम कॉलेज, काही काळ डेक्कन कॉलेज आणि शेवटी मुंबईचं एल्फिन्स्टन. तिथे वीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली, तेव्हा कुठे भावावरचा भार हलका झाला. १८८४ मध्ये, अठराव्या वर्षी, ते बी.ए. झाले.

त्या काळी बी.ए. झालेल्याला सरकारी नोकरीची वाट मोकळी होती, आणि घरच्यांनी इतकी वर्षं पोटाला चिमटा घेतलेला. वकिलीचाही विचार होताच. पण १८८५ च्या जानेवारीत ते पुण्यात न्यू इंग्लिश स्कूलमध्ये पस्तीस रुपयांवर शिक्षक झाले. पुढच्या वर्षी डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य. म्हणजे वीस वर्षांची बांधिलकी आणि पगार पंचाहत्तर रुपयांपर्यंत. ज्या घराने त्यांना शिकवलं, त्याला हा निर्णय जड गेला असणार.

सोसायटीच्या फर्ग्युसन कॉलेजमध्ये त्यांनी इंग्रजी शिकवलं, गणित शिकवलं, पुढे इतिहास आणि अर्थशास्त्रही. सहकारी बापटांबरोबर अंकगणिताचं क्रमिक पुस्तक लिहिलं. दिवसभर वर्ग घ्यायचे आणि उरलेल्या वेळात न्यायमूर्ती रानड्यांच्या हाताखाली सार्वजनिक सभा या पुण्यातल्या राजकीय संस्थेच्या त्रैमासिकासाठी सरकारी अहवाल उपसायचे, अशी त्यांची बरीच वर्षं गेली. कायदेमंडळातले आकडे या मेहनतीतून आले.

१९०२ मध्येच त्यांनी फर्ग्युसन सोडलं. पेन्शन मिळालं महिना तीस रुपये.