डॅमेजचा आकडा मोठा, तोच खेळाडू मोठा?

मालवणच्या आमच्या गेमिंग ग्रुपवर दर पावसाळ्यात एक फॉरवर्ड फिरतो: ‘डॅमेज जास्त तोच खरा खेळाडू, टँक आणि हीलर हे कच्च्यांचे क्लास.’ (डॅमेज म्हणजे शत्रूला केलेली इजा, टँक म्हणजे शत्रूचे फटके अंगावर घेणारा, हीलर म्हणजे साथीदारांना बरं करणारा आणि क्लास म्हणजे पात्राचा प्रकार.) असं वाटणं साहजिक आहे, कारण स्क्रीनवर उठून दिसतात ते डॅमेजचेच आकडे.

पण २००४ पासून चालू असलेल्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या ऑनलाइन गेमचंच बघा. पाच जणांच्या डंजनमध्ये (राक्षसांनी भरलेल्या मोहिमेत) १ टँक, १ हीलर, ३ डॅमेजवाले. राक्षस कोणावर धावणार, हे ‘थ्रेट’वर, म्हणजे त्याला कोण किती धोकादायक वाटतो त्यावर, ठरतं आणि टँकचे वार मुद्दाम जास्त थ्रेट तयार करतात. मेजने (डॅमेजवाल्या जादूगाराने) सुरुवातीलाच फायरबॉलचा सपाटा लावला, की राक्षस त्याच्याकडे वळतो. अंगात कापडी झगा; दोन फटक्यांत आडवा. पुढचा डॅमेज शून्य. रापणीतही (किनाऱ्यावरून जाळं ओढायच्या मासेमारीत) दोर ओढणारेच दिसतात, पण होडीतून जाळं नीट सोडलं नसेल तर ओढून हाती काय लागणार?

खात्री करायची तर एकच डंजन त्याच टीमने दोनदा खेळा. एकदा लगेच मारा सुरू करा, एकदा टँकला तीन-चार सेकंद द्या. मग डॅमेजसोबत कोण किती वेळा मेला तेही मोजा. (लाइट टिकेल अशी संध्याकाळ निवडा.) एकट्याने खेळताना मात्र डॅमेजवाला क्लास बऱ्याचदा सोयीचा पडतो, तेवढं त्या फॉरवर्डमध्ये खरं आहे.