साक्ष व प्रार्थना : कोल्हापूरच्या ख्रिस्ती मंडळ्यांतील प्रथा

रोजच्या गाठीभेटीत आपल्या श्रद्धेविषयी बोलणे आणि समोरच्याच्या अडचणीसाठी देवाजवळ मागणे, या दोन्ही गोष्टी ख्रिस्ती लोक एकत्रच करतात. पहिलीला ते साक्ष देणे म्हणतात. ही प्रथा जगभरच्या ख्रिस्ती समाजात आहे. कोल्हापुरात तिला दीडशेहून अधिक वर्षांचा इतिहास असून तो शाळा, दवाखाना आणि भजन या तिन्हींशी जोडलेला आहे. व्यासपीठावरचे प्रवचन हे पाळकांचे, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंचे काम. साक्ष मात्र कोणीही देऊ शकतो. उद्यमनगरातला कामगार देतो, परिचारिका देते, निवृत्त शिक्षकही देतो.

प्रथेचा आधार बायबलमध्ये आहे. योहानाच्या शुभवर्तमानातील चौथ्या अध्यायात येशू विहिरीपाशी शोमरोनी स्त्रीकडे आधी पाणी मागतो आणि मग संभाषण वाढत जाते. प्रेषितांच्या कृत्यांत येशूचा अनुयायी फिलिप्प रथाजवळ जाऊन कूशी (इथिओपियाच्या) अधिकाऱ्याला विचारतो, की वाचता ते समजते का? दोन्ही ठिकाणी सुरुवात मागण्याने किंवा विचारण्याने झाली आहे, हे विसरता कामा नये. पेत्राच्या पहिल्या पत्रातही विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार राहा, पण ते सौम्यतेने द्या, असे बजावले आहे. आजाऱ्यासाठी मंडळीच्या (चर्चच्या) वडीलधाऱ्या पुढाऱ्यांनी तेल लावून प्रार्थना करावी, ही सूचना याकोबाच्या पत्रातली.

कोल्हापुरात या कामाची पायाभरणी रॉयल गूल्ड वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्याने केली. ते 1852 साली पत्नी एलायझासह इथे आले. त्यांनी शाळांवर भर दिला. शाळांवर इतका खर्च करावा की नाही, यावरून त्यांना पाठवणाऱ्या मिशन संस्थेच्या बोस्टनमधील मुख्यालयाशी त्यांचे मतभेद झाले आणि पुढे काही वर्षे त्यांनी स्वतंत्रपणे काम चालवले. 1870च्या सुमारास हे काम अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन पंथाच्या मिशनकडे गेले. त्यांचा मुलगा रॉबर्ट 1863 साली कोल्हापुरातच जन्मला. अमेरिकेत शिकत असताना त्याने आणि बहीण ग्रेसने मिशनकार्यासाठी तरुण मिळावेत म्हणून नेमाने प्रार्थना केली. 1886 साली अमेरिकेतल्या माउंट हर्मन येथील शिबिरात शंभर विद्यार्थ्यांनी परदेशात सेवेला जाण्याची तयारी दाखवली आणि त्यातून विद्यार्थी स्वयंसेवक चळवळ उभी राहिली. कोल्हापूरच्या एका घराने जगाच्या ख्रिस्ती इतिहासाला दिलेली ही देणगी इथल्या लोकांनाही फारशी ठाऊक नाही, हे खरोखर खंत वाटण्यासारखे आहे. शहरातले वाइल्डर मेमोरियल चर्च या कुटुंबाचे नाव सांभाळून आहे.

पुढे दवाखान्यांनी या प्रथेचे रूप बदलले. मिशनरी डॉक्टर विल्यम वॉन्लेस यांनी 1894 साली शेजारच्या मिरजेत रुग्णालय सुरू केले. कोल्हापुरात मेरी वॉन्लेस रुग्णालय उभे राहिले, कोडोलीतही मिशन दवाखाना निघाला. परक्या धर्माविषयी रस्त्यात ऐकून न घेणारा माणूस खाटेजवळ आलेल्याशी बोलतो, कारण त्याला बोलायचे असते. घरोघरी जाऊन बायबल वाचून दाखवणाऱ्या स्त्रियांमुळे ही प्रथा माजघरापर्यंत पोहोचली. तिथे पुरुष प्रचारकाला प्रवेशच नव्हता.

आजही खाटेजवळची भेट हाच या प्रथेचा गाभा आहे. मंडळीतल्या दोघी-तिघी महिला दुपारच्या भेटीच्या वेळी वॉर्डात येतात. आधी जेवण झाले का, सोबत कोण आहे, गाव कोणते, अशी चौकशी होते. गाव गगनबावड्याकडचे निघाले तर एसटीचाही विषय निघतो. मग एखादी विचारते, "मावशी, तुमच्यासाठी प्रार्थना करू का? चालंल न्हवं?" मान हलली तरच डोळे मिटले जातात. प्रार्थना चार-पाच वाक्यांची असते. त्यात आजाऱ्याचे नाव, दुखणे, डॉक्टरांचे हात आणि घरी राहिलेली लेकरे येतात, शेवटी "येशूच्या नावाने मागतो, आमेन." सांगितलेला तपशील लक्षात ठेवून तोच देवापुढे मांडणे, ही यातली खरी कसोटी. पाठ केलेली प्रार्थना आजाऱ्याला लगेच कळते. नकार मिळाला तर खुशाली विचारून पुढच्या खाटेकडे जायचे, हा शिरस्ता.

दुसरे ठिकाण म्हणजे घरसभा. आठवड्यातल्या एका संध्याकाळी कोणाच्या तरी घरी सतरंजी अंथरली जाते, पेटी-तबल्यावर गीते होतात, वचन वाचले जाते आणि मग प्रार्थना-विनंत्या घेतल्या जातात. मुलाची नोकरी, मुलीचे स्थळ, गुऱ्हाळाचे कर्ज, सगळे त्यात येते. शेजारच्या हिंदू वा मुसलमान घरातलेही विनंती सांगून जातात. या गायनामागे नारायण वामन टिळकांची पुण्याई आहे. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने ख्रिस्तभक्ती अभंगात आणि कीर्तनात आणली, म्हणून ती मराठी कानांना परकी वाटत नाही. प्रार्थना-विनंत्यांची वही हा घरसभेचा मोलाचा भाग. पुढच्या आठवड्यात तीच पाने उघडून कोणाचे काय झाले ते विचारले जाते. न झालेलेही मोकळेपणाने सांगितले जाते. नाताळाच्या सुमारास हेच लोक कॅरल गात घरोघर फिरतात.

या प्रथेला मर्यादाही आहेत आणि त्या पाळल्या तरच तिला अर्थ राहतो. भारतीय संविधानाचा अनुच्छेद 25 धर्माचे आचरण व प्रसार करण्याचे स्वातंत्र्य देतो. मात्र दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क त्यात येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 1977 साली स्टॅनिस्लॉस खटल्यात दिला. औषध बंद करायला सांगणे, बरे होण्याची हमी देणे, मदतीच्या बदल्यात श्रद्धेची अपेक्षा ठेवणे, हे कायद्याच्या आधी शुभवर्तमानाच्याच विरुद्ध जाते. येशूने बरे केलेल्या दहा कुष्ठरोग्यांपैकी एकच आभार मानायला परत आला. उरलेल्या नऊ जणांचे बरेपण त्याने काढून घेतले नाही. म्हणूनच जाणती मंडळी प्रार्थनेनंतर पत्ता वा फोन नंबर मागत नाहीत. आजाऱ्याने स्वतःहून विचारले, तर चर्च कुठे आहे आणि रविवारची उपासना किती वाजता असते, एवढे सांगतात.