लाखाचा स्ट्रोलर असला तरी तो कार सीट होत नाही

आमच्या बाणेरच्या सोसायटीत बारशाच्या आधीच विचारणा सुरू होते, स्ट्रोलर कुठला घेतला? इम्पोर्टेड असेल तर लाखाच्या घरात जातो, लिफ्टमध्ये त्याच्या चाकांवर चर्चा होते, आणि तेच लोक रविवारी लोणावळ्याला निघाले की बाळ पुढच्या सीटवर आईच्या मांडीवर. विचारलं की म्हणतात, "अगं, स्ट्रोलरला पाच पट्ट्यांचा बेल्ट आहे ना, त्याचीच सीट काढून गाडीत ठेवतो." हे इतक्यांदा ऐकलंय की आज लिहूनच टाकते.

स्ट्रोलर सगळ्यांना माहितीये, त्यावर फार बोलत नाही. आज आपण वापरतो तो हलका, घडी होणारा प्रकार ओवेन मॅक्लॅरन नावाच्या ब्रिटिश विमान इंजिनिअरने 1965 मध्ये बनवला, आणि हलका, पटकन मिटणारा हाच त्याचा खरा गुण. फॅब्रिक, कपहोल्डर, रंग हा आवडीचा भाग. माझ्या मते वजन आणि ब्रेक बघा, बाकी सोडा.

आता जिथे सगळे फसतात ते. पट्टा दोन्हीकडे सारखाच दिसतो, पण तो बाळाला कशाशी बांधतो ते बघा. स्ट्रोलरचा पट्टा बाळाला सीटशी बांधतो, म्हणजे ते घसरून खाली पडू नये एवढंच, कारण स्ट्रोलर चालण्याच्या वेगाने जातो आणि त्याच्या चाचण्याही ब्रेक लागतो का, स्ट्रोलर उलटतो का, बोट अडकतं का अशाच असतात. कार सीटचा, म्हणजे गाडीत बाळासाठी लावायच्या वेगळ्या सीटचा, पट्टा बाळाला कडक कवचाशी बांधतो आणि ते कवच आयसोफिक्सने (गाडीच्या सीटमधल्या धातूच्या कड्यांत अडकणाऱ्या आकड्यांनी) किंवा गाडीच्या सीटबेल्टने थेट गाडीच्या सांगाड्याशी बांधलेलं असतं, आणि तसं बांधून 50 किमीच्या वेगाने समोरून धडक देऊन तपासलेलं असतं. स्ट्रोलरची सीट मागे ठेवून वरून बेल्ट ओढला तर धडकेत ती मोडेल किंवा बेल्टखालून निसटेल, बाळासकट.

मांडीचंही तेच. 7 किलोचं बाळ 50 च्या वेगावरून 0.1 सेकंदात थांबलं तर हातांवर साधारण 100 किलोचा भार येतो. कुठल्याच आईच्या हातात तेवढा जोर नसतो, माया कितीही असो.

गोंधळ वाढतो तो ट्रॅव्हल सिस्टीममुळे, कारण त्यात खरी कार सीटच स्ट्रोलरच्या फ्रेमवर खटकन बसते आणि लोकांना वाटतं सगळेच भाग दोन्हीकडे चालतात. चालत नाहीत. ओळखायचं कसं, तर नारिंगी लेबल शोधा, गोलात इंग्रजी ई, शेजारी आकडा आणि आर 44/04 किंवा आर 129 (कार सीटच्या सुरक्षा नियमांचे क्रमांक) लिहिलेलं. लेबल नाही तर तो भाग गाडीत नाही, किंमत काही का असेना. आणि उलटंही लक्षात ठेवा, प्रवास संपला की तान्ह्या बाळाला त्या कवचात तासन्‌तास झोपवू नका, हनुवटी छातीवर टेकून श्वास अडतो, सपाट जागी निजवा.

कार सीटमध्ये बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला की पुढे यावर भांडणं होतात, मी ठामपणे मागे म्हणणारी. नवजात बाळाचं डोकं त्याच्या लांबीच्या पाव भाग असतं आणि मान कच्ची, त्यामुळे समोरून धडक बसली तर मागे तोंड असताना भार अख्ख्या पाठीवर पसरतो. स्वीडनचे वाहन-सुरक्षा संशोधक बर्टिल अल्डमन यांना ही कल्पना नासाच्या जेमिनी यानातल्या अंतराळवीरांच्या आसनांवरून सुचली, 1964 मध्ये चाचणीही झाली, आणि आपण अजून "पाय आखडतील गं" यातच अडकलोय. पाय दुमडून बसतात मुलं, मान महत्त्वाची. फक्त एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या सीटवर अशी सीट कधीच लावू नका.

मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर आपल्याकडे 14 वर्षांखालचं मूल बेल्ट किंवा चाइल्ड सीटशिवाय नेलं तर 1000 रुपये दंड आहे, पण कार सीट दंडासाठी कशाला घ्यायची.

बजेट कमी असेल तर स्ट्रोलर बिनधास्त सेकंडहँड घ्या, चुलत बहिणीकडून आणा, नसला तरी अडत नाही, आमच्या फुटपाथवर तसाही चालत नाही. कार सीट मात्र नवी घ्या, कारण जुनी अपघातातून गेलीये का ते बाहेरून कळत नाही, आणि नववा महिना लागायच्या आत गाडीत बसवून बघा, हॉस्पिटलमधून घरी येतानाच ती पहिल्यांदा लागते.