वारसनोंद म्हणजे हक्कसोडपत्र नव्हे

वडिलांच्या पश्चात घर विकायला काढले, की दोन-चार बैठकांतच ‘ताईने तेव्हाच सही करून दिली आहे’ हे वाक्य ऐकू येते. सही कशावर केली, असे विचारले तर उत्तर मिळते, ‘तलाठ्याकडच्या कागदावर.’ वारसनोंद, म्हणजे सरकारी दप्तरात वारसांची नावे लावणे, आणि हक्कसोडपत्र, म्हणजे आपला हिस्सा सोडून देणारा दस्त, यांची ही गल्लत इतकी जुनी आणि इतकी सरसकट आहे, की तिच्यापायी सख्ख्या भावंडांची बोलणी बंद झालेली मी अनेकदा पाहिली आहेत.

वारसनोंद बहुतेकांच्या परिचयाची असते. मृत्यूचा दाखला, वारसांचे प्रतिज्ञापत्र आणि अर्ज दिला, की फेरफार, म्हणजे नावबदलाची नोंद, मंजूर होऊन सातबाऱ्यावर किंवा मिळकत पत्रिकेवर नावे लागतात. ग्रामपंचायतीच्या हद्दीतल्या घराची नोंद नमुना ८ मध्ये होते. या नोंदीने कोणाला मालकी मिळत नाही आणि कोणाची जातही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी सांगितले आहे. हिंदू कुटुंबात वडील मृत्युपत्र न करता वारले, तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने त्यांची मिळकत पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असल्यास त्यांची आई यांच्याकडे त्याच क्षणी समान वाट्याने येते. फेरफार त्याची फक्त दखल घेतो.

जुन्या उताऱ्यांनी हा गोंधळ वाढवला आहे. थोरल्या भावाचे नाव ‘एकुम’, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, म्हणून लागलेले असते आणि बहिणींची नावे ‘इतर हक्क’ या रकान्यात जातात. ‘इतर’ या शब्दाचा अर्थ दुय्यम असा लावला जातो. तो अर्थ चूक आहे. केवळ रकान्यामुळे बहिणीचा हिस्सा एका पैशानेही कमी होत नाही. राहत्या घराचे वाटप भावांनी ठरवल्याशिवाय बहिणींना मागता येत नसे, ही वारसा कायद्यातली २३ व्या कलमाची तरतूदही २००५ साली रद्द झाली. तरीही ती आजही बैठकांत सांगितली जाते आणि बहिणी ती ऐकून गप्प बसतात, याचे मला फार वाईट वाटते.

हक्कसोडपत्राचे मात्र तसे नाही. मिळकतीतला हिस्सा कायमचा सोडून देणारा हा दस्त आहे आणि १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे तो दुय्यम निबंधकापुढे नोंदवावा लागतो. मुद्रांकाच्या कागदावर ‘माझा हक्क नाही’ असे लिहून नोटरीचा शिक्का मारून घेतला, तर त्याने हक्क सुटत नाही. खरा घात पुढे होतो. वडिलोपार्जित मिळकतीतला हिस्सा भावाच्या किंवा बहिणीच्या नावे विनामोबदला सोडला, तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क नाममात्र असते. २०२४ पर्यंत ते २०० रुपये होते, आता ५०० आहे. मोबदला घेऊन सोडला, तर खरेदीखतासारखे पूर्ण शुल्क भरावे लागते. हे शुल्क वाचवण्यासाठी दस्तात ‘प्रेमापोटी, विनामोबदला’ असे लिहिले जाते आणि ‘घर विकले की तुझे पैसे देतो’ हे मात्र तोंडी ठरते. पुढे भावाने शब्द फिरवला, तर बहिणीच्या हातात काही उरत नाही, कारण पैसे घ्यायचे नव्हते हे तिनेच निबंधकासमोर सही करून सांगितलेले असते. फसवणूक किंवा दबाव सिद्ध करून असा दस्त रद्द करून घेता येतो, पण ते सिद्ध करण्याचा भार तिच्यावर असतो आणि फसवणूक कळल्यापासून दाव्याची मुदत तीन वर्षांचीच असते.

त्यामुळे घर विकायचेच ठरले असेल, तर आधी सर्वांचे हक्क एकाच्या नावे सोडवून घेऊ आणि मग विकू, या सल्ल्याला माझा ठाम विरोध आहे. ‘एकाच नावावर असले की गिऱ्हाईक लवकर मिळते’ असे दलाल सांगतात. पण सोय त्यांची होते आणि जोखीम बहिणीच्या माथी येते. सर्व वारसांनी विक्रीखतावर विक्रेते म्हणून सह्या केल्या, तर हक्कसोडपत्राची गरजच पडत नाही. एखादे भावंड परदेशात असेल, तर त्याच्याकडूनही हक्कसोडपत्र मागू नये. फक्त या विक्रीपुरते मुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून मागवावे आणि ते इथे पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे. विक्रीखतात प्रत्येक वारसाच्या वाट्याची रक्कम आणि धनादेशाचा क्रमांक वेगवेगळा लिहून घ्यावा, म्हणजे खरेदीदाराचे पैसे थोरल्याच्या खात्यावर न थांबता ज्याचे त्याच्या खात्यात जमा होतात.